सुतकातला सामना

राखीव खेळाडूंचं कौतुक मला नका सांगू. आमच्या कॉलेजच्या हुतूतू संघात मोजून सात जण, त्यातले पाच उमरठच्या एकाच भावकीतले. महाडच्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांचा चुलतआजोबा वारला. मैदानावर मी आणि दामू, दोघेच. सात नसतील तर संघ बाद, आणि आधीचा एक सामना आमचा तसाच गेला होता. पंच वहीत तेच लिहिणार, एवढ्यात पाचही जण डोकी भादरलेले हजर.

समोरचा कप्तान दोन पावलं मागे सरकला. "अरे, तुम्हाला सुतक आहे ना? तुम्हाला शिवायचं कसं?"

आमचा सखाराम चड्डीची नाडी आवळत म्हणाला, "तू नको शिवू रे. तितंच उभा ऱ्हा. आमी येऊन शिवतो."