कोकण इलेव्हनचा कीपर

(शुक्रवार, मगरिबची नमाज झाल्यानंतरची वेळ. बहरीनमधल्या मनामा शहरात, बाजारामागं ताहिरचं घर. ताहिरची क्रिकेट टीम आज पुन्हा हरलीय. तसा तो टीममध्ये खेळत नाही, जन्मात कधी खेळला नाही. पण हे त्याला तोंडावर सांगायची कुणाची टाप नाही. बायको अजरा गॅसपाशी मासे तळतेय, आणि ताहिरच्या तोंडाचा पट्टा कधीचा चालू आहे.)

ताहिर : ...आणि वर हसतोय! बॉल दोन पायांच्या मधनं गेला, चौका झाला, आणि हमझा दात काढतोय. मी कॅप्टन असतो तर तिथल्या तिथं हाकलला असता.

अजरा : तुमी कॅप्टन नाय. पाय धुवा आधी. अख्खं मैदान घरात आणलंत.

ताहिर : वाळू हाय गो. वखारींच्या मागचं मैदान, तिथं वाळूच असणार. मीना सलमानच्या बंदरावर गवत कोण पेरतोय? अर्धी लीग झाली, अजरा, आणि आपण तळाला. आपल्या खाली कोण हाय माहीत हाय?

अजरा : कोण?

ताहिर : कोणच नाय. आपल्या खाली डायरेक्ट समुद्र.

अजरा : मग दुसरी टीम धरा. ती बँकवाल्यांची, जिंकते ती.

ताहिर : तौबा कर! टीम म्हणजे काय चप्पल हाय, चावली की बदलली? कुवेतची लढाई मिटली त्या साली तुझ्या भावानं ही टीम उभी केली. रत्नागिरीची पोरं गोळा केली, नाव ठेवलं कोकण इलेव्हन. पिचवर मॅट अंथरायला मी, उचलायला मी. जिंकणाऱ्याच्या मागं सगळा गाव असतो. हरतेय तेव्हाच बसायला माणूस लागतो.

अजरा : बसायला तुमी हायत. खेळायला कोण हाय?

ताहिर : तेच तर माझं रडगाणं! ऐक. हमझा, ओपनर. येईल तो बॉल कट. पायावर आला तरी कट. घरात कधी कांदा कापला नाय, मैदानात कापायला बघतो. जयप्रकाश, माणूस सोन्यासारखा, शिकलेला. पण बॉल आला की आधी पँट वर ओढतो, मग वाकतो. इस्त्री मोडेल ना! तोवर बॉल सीमेच्या पार. आणि शब्बीर...

अजरा : शब्बीरला काय बोलू नका हां. त्याच्या बायकोनं हे मासे पाठवलेत.

ताहिर : मी कुठं बोलतोय? गुरुवारी रात्रभर शिफ्ट करतो बिचारा, शुक्रवारी दुपारी बॉलिंग. रन-अप घेता घेता डोळे मिटतात त्याचे. त्याला दोष नाय. आपल्याला एक फास्ट बॉलर पायजे, बस. जीव खाऊन टाकणारा.

अजरा : हे मी गेल्या रमझानपासून ऐकतेय.

ताहिर : आता बघ काय होतं ते. अर्धी लीग झाली की अदलाबदल असते. एक गडी द्यायचा, एक घ्यायचा. मी विवेकला सरळ सांगितलं, हमद टाउनच्या टीमचा तो अम्मार उचल. बदल्यात हमझा दे. नको बोलले तर वर मिठाई दे.

अजरा : विवेक म्हणजे तो नवा कॅप्टन ना? पुण्याचा?

ताहिर : तोच. सीफला ऑफिसात हाय. येऊन चार महिने झाले नाय, तर कॅप्टन! कंपनीकडनं नव्या जर्सी आणल्या म्हणून पोरांनी डोक्यावर घेतला. मॅट बरोबर नाय बोलतो. नाचता येईना, अंगण वाकडं. पण एक हाय, मला मान देतो. ताहिरभाई, ताहिरभाई करतो. सोमवारी वखारीत फोन केलान, खास माझं मत विचारायला.

अजरा : आणि भाई? भाई कसा खेळला आज?

ताहिर : लतीफ ना... बरा खेळला.

अजरा : बरा म्हणजे?

ताहिर : दोन कॅच सुटले. गुडघा दुखतो त्याचा, खाली बसला की उठायला वेळ लागतो. पण कीपर म्हणजे नुसते दोन हात नसतात गो! मागनं ओरडणारा तोच. तो ओरडतो म्हणून बाकीचे जागे राहतात. लतीफ नाय तर टीम नाय, लिहून घे.

अजरा : दार वाजलं. आलाच बघा. नाव काढलं आणि हजर. शंभर वर्षं जगणार माझा भाऊ.

लतीफ : सलाम आलेकुम.

ताहिर : वालेकुम सलाम. ये रे. आज उशीर केलास. मैदानावर काय करत होतास एवढा वेळ?

लतीफ : विवेकनं थांबवलेलं. अजरा, पाणी दे गो जरा.

अजरा : बस. जेवूनच जा. चेहरा का उतरलाय तुझा?

लतीफ : उतरला नाय. उन्हात होतो ना. ताहिर, अम्मार आला तुमच्याकडं.

ताहिर : माशाल्ला! बघ अजरा, बोललो नव्हतो? आता तळातनं वर निघालो समज. एकेकाच्या दांड्या उडवतो की नाय बघ! आणि दिला कोण? हमझा ना?

लतीफ : मी.

ताहिर : काय मी?

लतीफ : मला दिला. पुढल्या शुक्रवारपासून मी हमद टाउनकडनं खेळणार.

ताहिर : मस्करी नको करूस.

लतीफ : मी कधी मस्करी केलीय?

ताहिर : हमद टाउन? अरे, एवढं लांब, तिथली माणसं रस्त्यातले राउंडअबाउट मोजत मोजत घरी पोचतात, तिथं तुझं काय काम? टीम कोणाची? कोणी काढली? ज्यानं झाड लावलं त्यालाच सावलीतनं उठवतात होय? कोणाची हिंमत झाली? आणि तू काय केलंस? हो बोललास?

लतीफ : बोललो.

ताहिर : का?

लतीफ : का ते मला विचारतोस? तूच सांगितलंस ना त्याला.

ताहिर : मी? काय सांगितलं मी?

लतीफ : जाऊ दे. जेवायच्या आधी नको.

अजरा : जाऊ दे नाय, बोल. घरात पोटात ठेवायचं नाय काय.

लतीफ : विवेक चांगला पोरगा हाय. त्याला पण बरं वाटत नव्हतं. खाली बघूनच बोलत होता. 'लतीफभाई, मी एकट्यानं ठरवलं नाही. ताहिरभाईंना विचारलं. तेही म्हणाले, लतीफभाई आता संपले.'

ताहिर : खोटं! साफ खोटं! अल्लाची शप्पथ, असं माझ्या तोंडातनं गेलं असेल तर जीभ झडो माझी!

अजरा : ओरडू नका. फोनवर काय बोललात ते आठवा. शब्द न् शब्द.

ताहिर : त्यात काय आठवायचं? बाजूला फोर्कलिफ्ट चालू, कान फाटत होते. त्यानं विचारलं, ताहिरभाई, अम्मारला आणू या ना? मी बोललो, आण. मग विचारतो, आणि कीपरचं काय? मी बोललो, कीपर? लतीफ, खलास! आणि फोन ठेवला. कंटेनर आलेला दारात.

अजरा : काय बोललात?

ताहिर : लतीफ, खलास. म्हणजे लतीफच, विषय संपला. त्यात विचारायचं काय?

अजरा : या अल्ला.

ताहिर : काय झालं?

अजरा : अहो, तो पुण्याचा पोरगा. येऊन चार महिने. इथलं खलास त्याला काय ठाऊक? त्यानं आपल्या मराठीतलं ऐकलं. लतीफ खलास. गेला, कामातनं गेला, आता उचला.

ताहिर : पण मी कुठं मराठीत...

अजरा : बाकी सगळं मराठीतच बोलत होतात ना? तेवढा एक शब्द अरबीतला, हे त्यानं कसं ओळखायचं? आणि तुमी तरी! दिवसभर इथल्या लोकांबरोबर खलास-खलास करता, गावातला अर्थ विसरलात. गावात काय खलास होतं ठाऊक हाय ना? पिठाचा डबा होतो, नाय तर माणूस.

ताहिर : लतीफ, तुला कळायला नको? तू तर माझ्याआधी आलास बहरीनला!

लतीफ : मला त्यानं खलास सांगितलंच नाय. 'संपले' सांगितलं. चांगल्या मराठीत करून सांगितलं, मला लागू नये म्हणून.

ताहिर : आणि तू मानलंस? शाळेपासनं एका बाकावर बसलो. माझं लग्न तू जुळवलंस. मी तुझ्या पाठीमागं असं बोलेन?

लतीफ : दुसरा कोणी बोलला असता तर भांडलो असतो. तुझं नाव आलं तेव्हा वाटलं, ताहिर बोलतोय म्हणजे खरंच असणार. टीम तू जेवढी बघतोस तेवढी मी पण नाय बघत. मग काय उरलं भांडायला? हो बोललो आणि मॅट गुंडाळायला गेलो.

ताहिर : आणि मी रागानं आधीच निघून आलो! मॅट एकट्यानं गुंडाळलीस?

लतीफ : हां.

ताहिर : अजरा, फोन इकडं दे. आत्ताच्या आत्ता सरळ करतो सगळं.

अजरा : नीट बोला. शिव्या देऊ नका.

ताहिर : हॅलो, विवेक? ताहिर बोलतोय. ते अभिनंदन ठेव तुझं बाजूला. लतीफला कोणी दिला? मी? अरे बाबा, मी खलास बोललो ते फिक्स या अर्थानं! फिक्स! पक्कं! हां, तोच अर्थ. आता सॉरी काय करतोस? हमद टाउनला फोन कर, बोल चूक झाली. का नाय? लीगवाल्यांना सांगून झालं? मग परत सांग! काय? मफी? होणार नाय म्हणजे काय? वा रे वा, आता बरं अरबी आठवलं तुला! सोमवारी कुठं गेलेलं? हॅलो? रडतोस काय? रडू नको. अरे, मी तुला बोलत नाय, मी... हां. हां. जेवलास काय? मग जेव आधी. ठेव.

अजरा : काय बोलला?

ताहिर : सीझन संपेपर्यंत काय होत नाय. नियम हाय बोलतो. रडवेला झालाय पोरगा. बोलतो लतीफभाईंच्या पायाशी येतो.

लतीफ : त्याला कशाला येऊ देतोस? सोड. चहा पाज त्याला पुढल्या वेळी.

ताहिर : मी सोडणार नाय. उद्या लीगवाल्यांच्या घरी जातो. दारात बसतो. हा काय नियम झाला? एका शब्दावर माणूस जातो?

लतीफ : ताहिर, ऐक. आज दोन कॅच सुटले. तू बघितलेस ना?

ताहिर : बघितले.

लतीफ : खरं सांग. तो पोरगा चुकीचं ऐकून बरोबर वागला की नाय?

ताहिर : नाय! अजिबात नाय! कॅच सुटले, सुटले. गुडघा गेला, गेला. म्हणून घरातलं माणूस देऊन टाकायचं? अशानं तर मला पण द्यायला पायजे. मी तर आजपर्यंत एक बॉल अडवला नाय!

अजरा : तुमाला कोण घेणार?

लतीफ : हसवू नको गो. ऐक, ताहिर. हमद टाउनला मी कीपर नाय. ओपनिंगला पाठवणार मला. खाली बसायचं नाय, उठायचं नाय. त्यांच्या कॅप्टननं समोरून येऊन हात धरला. लतीफभाई, तुम्ही आमच्यात या, बोलला. लय दिवसांनी असं कोणी मागितलं मला.

ताहिर : आम्ही मागितलं नाय म्हणजे... घरचं माणूस कोण मागतं रे?

लतीफ : तेच. घरच्याला कोण मागत नाय.

अजरा : मग तू जाणार.

लतीफ : शब्द दिला. जाणार. चुकून दिला असेल, पण दिला.

ताहिर : कोकण इलेव्हनमध्ये तुझ्या जागी कोण मग?

लतीफ : हमझाला उभा कर. हात बरे हायत त्याचे. फक्त हसू देऊ नको.

ताहिर : हमझा कीपर! या अल्ला, काय काय बघायला लावतोस.

लतीफ : आणि अम्मारला नव्या बॉलवर सगळ्या ओव्हर एका दमात टाकू देऊ नका. दमतो. विवेकला सांग, मी बोललो म्हणून.

अजरा : पुढल्या शुक्रवारी कोणाबरोबर मॅच हाय?

लतीफ : माझ्या टीमची ना? यांच्याशीच.

अजरा : बरं झालं. मग मी पण येणार, पोरांना घेऊन. माझ्या भावाच्या बाजूला बसणार. आधीच सांगते, नंतर तोंड फुगवू नका.

ताहिर : बस! तुझा भाऊ, तुझी मर्जी. मी माझ्या जागेवर बसणार, कोकण इलेव्हनच्या. तळाला गेली, कीपर गेला, उद्या अकरातले सात गेले, तरी बसणार. चार उरले तर चारांसाठी बसणार. कोणी टीम सोडून जाईल, मी नाय सोडणार.

लतीफ : मला बोलतोयस?

ताहिर : तुला नाय. सगळ्या दुनियेला.

लतीफ : मग मी बॅटिंगला आलो आणि तुमच्या अम्मारनं माझी दांडी उडवली, तर टाळ्या वाजवशील?

ताहिर : वाजवीन! का नाय वाजवणार? उभा राहून वाजवीन. टीम माझी हाय.

लतीफ : वाजव.

ताहिर : पण लतीफ...

लतीफ : काय?

ताहिर : तू आउट होऊ नको रे.