रोडेलच्या भुवया, माझी मान

...आणि वर मलाच, माझ्याच घरात, माझ्याच बाथरूमच्या दारात उभा राहून विचारतो, "सर प्रल्हाद, हाऊ इज युवर स्टे सो फार?" आता काय सांगायचं याला? तीन वर्षं राहतोय मी इथे, नळ गळतो त्याखाली बादली मीच लावलीय, आणि हा मला विचारतोय मुक्काम कसा चाललाय. आत जावं तर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. हंस, तुम्हाला सांगतो, मान वळवून ऐटीत टाकीवर बसलेला. डोळ्यांत साबण, टॉवेलसाठी हात लांब केला तर हाताला चोच. टॉयलेट पेपरचं टोकसुद्धा त्रिकोणी दुमडलेलं, इतकं नीट की फाडायला जीव होईना. मी तसाच बाहेर आलो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल प्रल्हादचं डोकं फिरलंय. हे सांता क्लारातलं आमचं अपार्टमेंट, साल अठ्ठ्याण्णव. मी प्रोग्रॅमर, नागपूरहून पुणे आणि पुण्याहून इथे. घरात बायको सुनेत्रा आणि मुलगी हर्षिता, वय नऊ, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. आणि शेजारी हा रोडेल, फिलिपिन्सचा. त्याची बहीण इथे नर्स आहे, तिनं भावासाठी अर्ज टाकला होता, तो मंजूर व्हायला सतरा वर्षं लागली. तोवर हा बाबा आधी मनिलात हॉटेलात, मग जेद्दाहला हॉटेलात, मग ती चैनीची बोट असते ना, क्रूझ, तिच्यावर... हॉटेल सोडून त्यानं आयुष्यात दुसरं काही बघितलंच नाही. आणि इथे आल्यावर पाच हॉटेलांत इंटरव्ह्यू दिले, तर पाचही ठिकाणी नापास. बहिणीच्या सोफ्यावर झोपतो आणि नोकरी पाहिजे जूनच्या आत. का? तर बायको आणि सात वर्षांची मुलगी तिकडे इलोइलोला अडकल्यात, त्यांच्या व्हिसाला याच्या नोकरीचं पत्र लागतं. जून गेला की पुन्हा रांगेत शेवटी.

हे मला कळलं कुठे, तर लाँड्री रूममध्ये. मी आपला ड्रायरमधले कपडे बोळे करून टोपलीत कोंबतोय, तर मागून आवाज आला, "मे आय, सर?" आणि बघता बघता या माणसानं माझ्या बनियनांच्या अशा घड्या घातल्या की दुकानात परत नेले असते तर त्यांनी घेतले असते. मग खिशातून फोटो काढला. मुलगी, पुढचे दोन दात पडलेले, हसतेय. "माय आना, सर," म्हणाला आणि उगाच माझी शेवटची लुंगी पुन्हा उलगडून पुन्हा घडी करायला लागला. मला भरून आलं हो, खोटं कशाला बोलू.

घरी सांगितलं तर सुनेत्रा म्हणते, "अहो, मग तुम्हीच करून घ्या ना त्याची तयारी. तुम्हाला इंटरव्ह्यूचा केवढा अनुभव."

आता हे कौतुक की टोमणा, पंधरा वर्षांच्या संसारात मला अजून ओळखता येत नाही. कारण अनुभव आहे, पण कसला? आमच्या ऑफिसात गॅरी म्हणून बॉस आहे. दर आठ-नऊ महिन्यांनी मला आत बोलावतो, "प्रॉलॅड, टीम लीडचं काम आहे, करशील?" मी लगेच मान हलवतो. तोंडानं यस यस करत नाही, आपल्याकडे मोठ्या माणसानं काही देऊ केलं की लगेच हो म्हणणं कसं हावरटासारखं दिसतं. पण मान हलवतो, अगदी मनापासून. तो माझ्याकडे बघतो, म्हणतो, "ओके, थिंक अबाउट इट," आणि सोमवारी बघावं तर काम केविनला. तीन वर्षांत चार वेळा केविन. तो बिचारा स्वतः येऊन म्हणतो, "सॉरी मॅन, आय डोन्ट नो व्हाय." तुम्हाला सांगतो, हो म्हणायला माणसाला लागतं काय? मान हलवली की झालं. तरी केविन.

तर शनिवारी मी टाय लावून डायनिंग टेबलाशी मॅनेजर होऊन बसलो आणि रोडेल समोर. हर्षितानं त्याला दारातून आत येताना "जय भीम" म्हणायला शिकवलं होतं, ते त्यानं छातीवर हात ठेवून इतकं झोकात म्हटलं की माझा अर्धा इंटरव्ह्यू तिथेच संपला. मग मी विचारलं, "डू यू हॅव एनी एक्स्पीरिअन्स?" रोडेलनं भुवया वर केल्या. मी थांबलो, म्हटलं आठवत असेल. पुन्हा विचारलं, पुन्हा भुवया. म्हटलं, हा मलाच विचारतोय की काय, की तुला काय करायचंय? "कॅन यू वर्क ऑन संडेज?" भुवया. "कॅन यू स्पीक इंग्लिश?" भुवया. असा अर्धा तास. मला घाम, तो निवांत. शेवटी हर्षिता दुधातलं सिरियल खाता खाता म्हणाली, "डॅडी, दॅट्स अ यस. जॉयलिन इन माय क्लास डझ दॅट."

घ्या. म्हणजे त्यांच्याकडे भुवया वर केल्या की हो. बोलायची गरज नाही. आणि पाच हॉटेलांचे पाच मॅनेजर उत्तराची वाट बघत बसले असतील आणि याला वाटलं असेल मी सगळ्याला हो म्हणालो, मग घेतलं का नाही? बरं, एवढ्यावर भागतंय का? मी विचारलं, "पाहुण्यानं लिफ्ट कुठे म्हणून विचारलं तर?" तर हा बोट नाही दाखवत, ओठांचा चंबू करून लिफ्टच्या दिशेला नेतो. आणि नेमकी त्याच दिशेनं सुनेत्रा चहा घेऊन येत होती. मी म्हटलं, बाबा रे, हे तर मुळीच करायचं नाही. तुम्हाला सांगतो, हो म्हणायला माणसाला लागतं काय? भुवया काय, ओठ काय, एक मान दिलीय ना निसर्गानं.

म्हटलं, रोडेल, आजपासून भुवया बंद. इकडे बघ. हो म्हणजे हे, आणि मी मान हलवून दाखवली. त्यानं केलं, पण फार कडक. म्हटलं, सैल सोड, मानेत हाडच नाही असं समज... हं, जरा या खांद्याकडे, जरा त्या... आता डोळे थोडे मिट, म्हणजे समोरच्याला समाधान वाटतं. दोन आठवडे घासून घेतलं त्याच्याकडून. रोज संध्याकाळी तो समोर, मी समोर, मी विचारतोय, तो हलवतोय. तो चुकून भुवया वर करायचा, मग चूक दाखवायला मी वर करायचो, "असं नाही... असं." शेवटी इतका तयार झाला की सुनेत्रा म्हणाली, "अगदी आमच्या पुरुषोत्तम मामांसारखी मान हलवतो हो."

आता तो फुकट शिकून घेणारा माणूस नाही. म्हणून त्यानं परतफेड म्हणून आमच्याच घरात हॉटेलचा सराव सुरू केला. शनिवारी सकाळी बेडरूमच्या दारावर टकटक, "हाऊस-की-पिंग," गाण्यात म्हणतो ते. उशीवर चॉकलेट. माझी घामेजलेली टोपी हँगरला. हर्षिता शेजारी फोन करून रूम सर्व्हिस मागवायला लागली. मी पुठ्ठ्यावर "डू नॉट डिस्टर्ब" लिहून दारावर टांगलं, तर रोडेलनं मागच्या बाजूला सुबक अक्षरात "प्लीज क्लीन माय रूम" लिहिलं आणि सुनेत्रानं ती पाटी उलटी केली. वर मला म्हणते, "बघा, शिका काहीतरी."

मग आला इंटरव्ह्यूचा दिवस. सहावं हॉटेल, विमानतळाजवळचं, मोठं. मे महिना अर्धा उलटला होता, म्हणजे हे गेलं की संपलं. मीच त्याला ड्राइव्ह करून नेलं. गाडीत आनाचा फोटो नुसता या खिशातून त्या खिशात. मी लॉबीत बसलो, तो काचेच्या खोलीत मॅनेजरबाईंसमोर. मिस ब्रेनन म्हणून बाई होत्या. काचेतून दिसतंय, त्या विचारतायत, हा मान हलवतोय. काय सुरेख हलवतोय म्हणून सांगू, मला तर अभिमानानं गहिवरून आलं.

दहा मिनिटांत बाई बाहेर. "तुम्ही यांचे मित्र का? फार गोड माणूस आहे. पण त्यांना नोकरी नकोय का? रविवारी याल का विचारलं तर नाही. अनुभव आहे का, तर नाही. मग आलात कशाला विचारलं, तर हसतायत आणि पुन्हा नाही."

म्हटलं, "छे छे मॅडम, ते हो आहे."

"म्हणजे ते यायला तयार आहेत?"

मी मान हलवली.

"म्हणजे नाहीत?"

मी आणखी जोरात हलवली. बाई माझ्या मानेकडे बघतायत, मग काचेतून रोडेलच्या मानेकडे, तो आतून मला धीर देण्यासाठी हलवतोय, आणि दोन्ही माना एकाच तालात चालल्यात. आणि बाईंच्या मागे, तुम्हाला सांगतो, भिंतभर आरसा. आयुष्यात पहिल्यांदा मी मला हो म्हणताना बघितलं. ते हो नव्हतं हो. ते नाहीसुद्धा नव्हतं. ते कानात पाणी गेल्यावर माणूस करतो तसलं काहीतरी होतं. अडतीस वर्षं ही मान माझ्या खांद्यांवर आहे, मला कुणी सांगितलं नाही. आणि तिथे उभ्या उभ्या मला गॅरी आठवला. मग केविन आठवला, चारही वेळा. आणि मग आनाचे ते पडलेले दात आठवले. माझी टीम गेली तर गेली, पण या माणसाची पोरगी मी माझ्या मानेपायी समुद्रापार अडकवून ठेवली होती.

मी बोलणार तेवढ्यात दाराशी बस थांबली आणि पंचवीस-तीस म्हातारी मंडळी उतरली. काउंटरवर दोनच पोरी, त्यांची धांदल. एक आजी वॉकर धरून दारातच थबकल्या, दोन बॅगा, बुटाची नाडी सुटलेली. आणि रोडेल खोलीतून उठून बाहेर आला. त्यानं ना माझ्याकडे बघितलं ना बाईंकडे. बॅगा बाजूला घेतल्या, खुर्ची आणली, आजींना बसवलं, खाली गुडघे टेकून नाडी बांधली आणि म्हणाला, "वेलकम बॅक, मॅम."

आजी म्हणाल्या, "पण मी इथे पहिल्यांदाच आलेय."

"देन फॉर नेक्स्ट टाइम, मॅम."

मिस ब्रेनन बघत होत्या. मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, सोमवारपासून या." म्हटलं, नक्की ना? त्यांनी मान हलवली. वर, खाली. बस, तेवढंच असतं ते. हो म्हणायला माणसाला लागतं काय? वर आणि खाली.

पत्र आठवड्यात मिळालं, ऑगस्टमध्ये बायको आणि आना आल्या. आनाला नवे दात आलेत. विमानतळावर रोडेल इतका रडला की त्याच्या रुमालाचा हंस करायची कुणाची छाती झाली नाही. आमचं घर पुन्हा घर झालं, टॉवेल ओला, पेपरचं टोक फाटकं, आणि सुनेत्रा उसासे टाकते.

आणि मी? मी आठवडाभर आरशासमोर उभा राहिलो. ठरवलं, मान हलवायचीच नाही. परवा गॅरीनं बोलावलं. "प्रॉलॅड, दोन हजार सालाचा प्रोजेक्ट, आठ जणांची टीम, करशील?" मी मान खांद्यांत रोवून बसलो. इतकीही हलू दिली नाही, आणि मनात म्हटलं, जमलं बुवा. तर गॅरी माझ्या कपाळाकडे बघायला लागला... दोन आठवडे रोडेलच्या समोर बसलो होतो ना मी, लागणारच सवय. भुवया. दोन्ही, पार केसांपर्यंत.

केविन आला होता सॉरी म्हणायला.

संध्याकाळी रोडेल भेटला, लाँड्री रूममध्येच, माझ्या बनियनांच्या घड्या घालत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, आमच्या हॉटेलात रात्रीचे हिशेब बघणाऱ्याची जागा आहे, कॉम्प्युटर येणारा माणूस पाहिजे. विचारू का मिस ब्रेननना?" मी आपली मान हलवली. आता ते हो होतं की नाही, मला विचारू नका. सोमवारी नऊ वाजता बोलावलंय.