माझंच परत

यंदाच्या दिवाळीनंतर दर्यापूरहून धाकट्या भावाचं, किशोरचं पत्र आलं होतं. “दादा, कपाशी बोंडअळीनं नेली, पण माझ्या दोन्ही किडन्या शाबूत आहेत. एक तू घे.” पत्र मी घडी करून खिशात ठेवलं, उत्तर धाडलं नव्हतं. परवा अकोल्यात डायलिसिससाठी थांबलो होतो, तेव्हा शेजारच्या बाकावर, माझ्यासारखेच डायलिसिसला आलेले अब्दुल गफ्फार आपल्या मुलीशी, नगमाशी बोलत होते.

“तुझी किडनी मी घेत नाही. परदेशात त्या जनावराची बसवून राहिले म्हणतात. मी थांबतो.”

“डुकराची, अब्बा?”

“नाव नको घेऊ, जबान नापाक होते.”

“नाव नाही चालत, किडनी चालते?”

“तुले कापण्यापेक्षा चालते. मौलानाले विचारून ठेवलं मी.”

“त्याले लई वेळ आहे. लाखो वर्षांआधी एक विषाणू त्या जनावराच्या पूर्वजात शिरला, अन् त्यांच्यातलाच होऊन गेला. आता माय पिलाले देते, जसा रंग देते.”

“धुऊन जात नाही?”

“एकेका पेशीत आहे तो. प्रयोगशाळेत माणसाच्या पेशीलेही लागला. आता शास्त्रज्ञ तो जनुकांतून कापून बिनविषाणूची पिलं तयार करून राहिले.”

“लाखो वर्षं. अल्लाची कुदरत.”

“असे जुने विषाणू आपल्यातही आहेत, अब्बा, निपचित पडलेले. तुमच्या परदादातले तुमच्यात आले, तुमच्यातले माझ्यात.”

गफ्फारभाईंनी तिचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“म्हणजे तू मले माझंच परत देऊन राहिली.”

“हो.”

“मग अम्मीले तूच सांग. मले नाही जमणार.”

घरी जाताना मी पोस्टात थांबून कार्ड घेतलं. “किशोर, ये,” एवढं लिहून पेटीत टाकलं.