नोराबाईंच्या स्वप्नातलं तोआ पायोह

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय दिलीपराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या कार्यवाह शुभदाताई, शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गातले माझे सहाध्यायी, समोर बसलेल्या रसिक बंधुभगिनींनो, मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या बालगोपाळांनो, आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण तोआ पायोहच्या या हॉलमध्ये जमलो आहोत, त्या आपल्या सगळ्यांच्या रोशीनताई, म्हणजेच चित्रकार रोशीन टिअरनी, आपणा सर्वांना माझा सादर नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. माझी पत्नी अपूर्वा दुसऱ्या रांगेत बसली आहे. ती घड्याळाकडे बोट दाखवेल तेव्हा मी छताकडे पाहीन, हे आधीच सांगून ठेवतो. रोशीनताईंना मराठी थोडं समजतं, म्हणजे ‘चहा घेणार का’ इतकं, म्हणून अदिती त्यांच्या शेजारी बसून माझं भाषण त्यांच्या कानात इंग्रजीतून सांगते आहे. अदिती, विनोद आला की त्यांना तसं स्पष्ट सांग गं. माझे विनोद मराठीतसुद्धा ओळखावे लागतात.

मी श्रीनिवास. जुरोंग आयलंडवर एका प्लांटमध्ये इंजिनीअर आहे. चित्रकलेशी माझा संबंध शाळेत संपला होता. तो पुन्हा जोडला विमलकाकूंनी. विमलकाकूंना कोण ओळखत नाही? आपल्या रवींद्रच्या आई. मुलाकडे राहायला आल्या, आणि भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, म्हणून फ्लॅटच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या. शेजारचं दार रोशीनताईंचं. दोघी कॉरिडॉरमध्ये बोलत बसायच्या. काकू मराठीत आणि ताई इंग्रजीत. एकमेकींचं काय कळत होतं, देव जाणे! पण दोघींचंही म्हणणं असं की आपली शेजारीण फार समजूतदार आहे. मग घरापासून लांब आलेलं, तोंड पाडून बसलेलं कुणी मराठी माणूस दिसलं, की काकू त्याला शनिवारी ताईंच्या पुढ्यात नेऊन बसवायच्या. आमचा वर्ग असा भरला. बँकवाले, हिशेबवाले, संशोधन करणारी पोरं. आणि मी.

पहिल्या दिवशी ताईंनी मला विचारलं, ‘तुमच्या प्लांटवर उंच चिमणीच्या टोकाला जी ज्योत जळते, तिचा रंग कसा आहे?’ मी म्हटलं, केशरी. त्या म्हणाल्या, ‘हे तर नाव झालं. रंग कसा आहे?’ मी म्हटलं, गडद केशरी. त्यांनी मान हलवली. ‘माझी आई हे चालवून घेणार नाही,’ त्या म्हणाल्या. मला वाटलं, पन्नाशी उलटलेली बाई, अजून आईला काय घाबरते? पण माझी त्यातून सुटका नव्हती. दोन आठवडे मी कंपनीच्या बसमधून त्या ज्योतीकडे बघत गेलो आणि तिसऱ्या शनिवारी सांगितलं, ‘जिलबी तुपातून निघते आणि अजून पाकात पडलेली नसते, तेव्हाची.’ ताई आनंदाने उठून उभ्याच राहिल्या. ‘आज संध्याकाळी हे आईला सांगते!’

मित्रहो, ही आई कोण, ते आता सांगायला हवं. कारण आज ताई जात आहेत त्या तिच्याकडे.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे वारा कधी पडत नाही म्हणतात, अशा एका लहानशा गावात नोराबाईंचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचा लोकर रंगवण्याचा व्यवसाय. दगडावरचं शेवाळ, कांद्याची सालं, काटेरी झुडपांची मुळं असलं काहीबाही मोठ्या हंड्यात उकळून ते रंग काढायचे. नोराबाईंचे हात कायम कुठल्या तरी रंगात बुडालेले. रविवारी त्या चर्चमध्ये आल्या की गाव त्यांच्या हातांकडे बघून ओळखायचं, या आठवड्यात निळं चाललंय की तांबडं. पुढे त्यांनी लग्न केलं ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाशी. गावातल्या झाडून सगळ्या दुकानांवर त्यांचं अक्षर. स्वतःच्या दारावर मात्र पाटी नव्हती. म्हणायचे, इथे कोण राहतं हे कुणाला माहीत नाही? आता मला सांगा, अशा घरात जन्मलेल्या मुलीने चित्रकार व्हायचं नाही तर काय माझ्यासारखं पाइप मोजायचे?

पण ताई चित्रकार झाल्या त्या या वारशामुळे नव्हे. त्या लहान असताना आईची दृष्टी जाऊ लागली. हळूहळू गेली, कुणाला न सांगता. एक दिवस हंड्यात लोकर ढवळता ढवळता आईने विचारलं, ‘निळी झाली का गं?’ मुलीने खेळता खेळता सांगून टाकलं, झाली. लोकर बाहेर काढली तर ती हिरवी. सगळा घाणा वाया गेला. आई रागावली नाही. तिने मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘यापुढे मला रंगाचं नाव सांगू नकोस. तो कशासारखा आहे ते सांग.’ त्या दिवसापासून ती मुलगी आईला रोज संध्याकाळी दाराशी बसून आभाळ सांगू लागली. आज बोटीच्या जुन्या शिडासारखं आहे. आज तापलेल्या दुधावर साय धरते ना, तसं आहे. आई ऐकायची, आणि पटलं नाही तर म्हणायची, पुन्हा बघ.

पुढे ताई शिक्षिकेची नोकरी धरून सिंगापूरला आल्या. दोन वर्षांसाठी. आपण सगळेही दोनच वर्षांसाठी आलो होतो, नाही का? पण आभाळ सांगणं थांबलं नाही. आमचा वर्ग सुटला की सातच्या सुमारास त्या आईला फोन लावायच्या. आपली संध्याकाळ होते तेव्हा तिकडे दुपार व्हायची असते. आम्ही ब्रश धुवायचं निमित्त काढून थांबायचो, कारण तसं बोलणं मी दुसरीकडे कुठेच ऐकलेलं नाही. ताई खिडकीशी उभ्या राहून हलक्या आवाजात सांगायच्या. ईस्ट कोस्टला समुद्रावर उभी असलेली जहाजं, त्यांचे दिवे लागताना पाण्याला येणारा रंग. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळणारे कपडे. एकदा आभाळ बघून म्हणाल्या, ‘आज विमलच्या हातासारखं आहे. लोणचं कालवल्यावर तिचा हात असतो तसं.’ काकूंनी हे कळल्यावर लगेच हात पदराखाली लपवला होता.

आणि पलीकडून काय यायचं? पलीकडून स्वप्नं यायची. नोराबाई म्हणायच्या, ‘काल मी तुझ्या तोआ पायोहमध्ये गेले होते.’ त्यांच्या स्वप्नातलं तोआ पायोह असं: ब्लॉकच्या मागे हिरवे डोंगर, कॉरिडॉरला रचलेल्या दगडांचा कठडा, बांबूंवर रंगवलेल्या लोकरीच्या लडी, आणि खाली व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत, जिथे आपले म्हातारे संध्याकाळी गप्पा मारत बसतात, तिथे मेंढ्या. शांत उभ्या. पाऊस थांबायची वाट बघणाऱ्या. ही स्टेजवर मांडलेली चित्रं बघा. एका गॅलरीवाल्याने या चित्रांवर केवढा मोठा लेख लिहिला, चित्रकाराची अद्भुत कल्पनाशक्ती वगैरे. ताई हसून म्हणाल्या, ‘माझी कसली? आई सांगते, मी उतरवून घेते.’ आणि हे उजवीकडचं चित्र, समुद्रातल्या बेटावर आकाशभर जिलब्या जळताहेत, ते अस्मादिकांचं योगदान. माझी मुलगी इरा ही मेंढ्यांची चित्रं बघून म्हणाली होती, ‘बाबा, शीप नॉट अलाउड इन एचडीबी, लाह!’ मी तिला म्हटलं, सरकारी ब्लॉकमध्ये मेंढ्यांना बंदी असली तरी आजींनी परवानगी काढली असेल.

अपूर्वा, मला दिसतंय. होत आलं.

या वर्षी, होळीच्या आसपासच्या एका शनिवारी, आम्ही नेहमीसारखे ब्रश धूत होतो. ताईंनी फोन लावला आणि आभाळ सांगायला सुरुवात केली. पलीकडून आवाज आला, ‘काय? काय म्हणतेस?’ ताईंनी पुन्हा सांगितलं. ‘मोठ्याने बोल.’ ताई मोठ्याने बोलल्या. मग आणखी मोठ्याने. मग त्या खिडकीशी उभ्या राहून अक्षरशः ओरडू लागल्या. आणि ओरडता ओरडता काय झालं, तर ‘कशासारखं’ हे सगळं गळून पडलं आणि नुसती नावं उरली. ग्रे! पिंक! ग्रे! समोरच्या ब्लॉकमधलं कुणीतरी खिडकीत येऊन बघायला लागलं. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत हो. शेवटी नोराबाई म्हणाल्या, ‘राहू दे. अलीकडे स्वप्नातही सगळं न रंगवलेल्या लोकरीसारखंच दिसतं.’ आणि फोन ठेवला. ताई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी एकच ब्रश धूत राहिलो.

तुम्ही म्हणाल, कानाचं यंत्र? तेही करून झालं. त्यातून माणसांपेक्षा वारा जास्त ऐकू येतो म्हणून आजींनी ते फुलदाणीत ठेवून दिलं. अगदी कानाशी तोंड नेऊन हळू बोललं तर त्यांना ऐकू येतं. म्हणजे आता आभाळ सांगायचं तर त्यांच्या शेजारीच बसायला हवं. नोराबाई नव्वदीच्या पुढे आहेत. थांबायला वेळ नाही. म्हणून ताई निघाल्या. इथलं घर, वर्ग, इतक्या वर्षांचं सगळं आवरून निघाल्या. आणि तरी त्यांना एकच भीती होती. ती त्यांनी विमलकाकूंना बोलून दाखवली आणि मला मध्ये बसून भाषांतर करावं लागलं. ‘मी पोचेपर्यंत तिच्यातले रंग पुसून गेले असले तर? मी कानात सांगेन, पण तिला काही दिसलंच नाही तर?’

काकूंनी शांतपणे विचारलं, ‘ऐकू येत नाही, दिसत नाही. पण वास येतो की नाही?’

मंडळी, त्यानंतर जे झालं त्याची साक्षीदार आपली निहारिका आहे. विद्यापीठातर्फे मे महिन्यात ती परिषदेसाठी आयर्लंडला निघाली, तेव्हा काकूंनी तिच्या हातात एक लहान डबी ठेवली. निहारिका परिषद आटोपून बसने त्या गावी गेली. दुपारचे बारा वाजले असतील. नोराबाई दाराशी बसल्या होत्या. निहारिकाने कोण, कुठली काही सांगितलं नाही, सांगून ऐकू जाणार नव्हतं. तिने डबी उघडली आणि त्यांच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली. आजींनी ती दोन बोटांत चोळली. त्यांचे हात रंगाऱ्याचे, मित्रहो. बराच वेळ चोळत राहिल्या. मग हात नाकाशी नेला. मग चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं झालं, असं निहारिका सांगते, आणि ती भौतिकशास्त्राची आहे, उगाच काही बोलत नाही. आजी म्हणाल्या, ‘ही विमल आहे.’ आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘म्हणजे तिकडे संध्याकाळ झाली.’

आपल्याकडे त्या वेळी सात वाजले होते.

क्षमा करा. पाणी घेतो.

तर आता मंडळाने ताईंना काय द्यायचं यावर बैठक झाली. स्मृतिचिन्ह, शाल असं नेहमीचं ठरत होतं. विमलकाकू म्हणाल्या, ‘पोर माहेरी चालली आहे, ओटी भरायची.’ आमच्यातले एक जाणकार म्हणाले, काकू, त्यांचं लग्न झालेलं नाही, माहेर कसलं? काकू म्हणाल्या, ‘जिथे आई वाट बघते ते माहेर. त्यात लग्नाचा काय संबंध?’ ते जाणकार तरीही म्हणाले, पण ही ओटी त्यांच्या आईच्याही हाती जाणार, आणि... म्हणजे वडील तर नाहीत ना आता. यावर काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते जाणकार आज उपस्थित आहेत, आणि खण त्यांनीच आणला आहे, हे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

रोशीनताई, ही ओटी तुमची आणि तुमच्या आईची. अदिती, हे नीट सांग त्यांना, घाई करू नकोस. यात हळद आहे, ती ओळखीचीच आहे. कुंकू आहे. तांदूळ आहेत, मूठभर हातात घेऊन सोडले की आपल्या पावसासारखे वाजतात, पण ते कानाला नाही, बोटांना कळतात. नारळ आहे, त्याच्या शेंडीवरून हात फिरवू द्या, मेंढीच आहे म्हणतील. विमानात नारळ नेऊ देतील की नाही ते चांगी विमानतळावरची माणसं आणि विमलकाकू आपसात पाहून घेतील. खणाच्या काठावर जरीची नक्षी आहे. तिच्यावरून बोट फिरवू द्या आणि कानात सांगा की ईस्ट कोस्टला जहाजांचे दिवे लागले. आणि अबोलीचा गजरा काकूंनी सुकवून ठेवला आहे. अबोलीला वास नसतो, हे मला माहीत आहे. काकू म्हणाल्या, असू दे, आई हातात धरेल तेव्हा तिला कळेल की ही गप्प बसलेली संध्याकाळ आहे.

ताई, तुम्ही आम्हाला चित्रकला शिकवलीत असं म्हणणं धाडसाचं होईल, आमची चित्रं मागच्या भिंतीवर लावली आहेत. पण मी आता आईला पुण्याला फोन करतो तेव्हा ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवून देत नाही. बसमधून काय दिसलं ते सांगतो. ती म्हणते, पुन्हा नीट सांग. हे तुमच्यामुळे. मला तुमची फार आठवण येणार आहे. हे वाक्य भाषणात नव्हतं, पण आहे ते आहे.

अध्यक्षमहोदयांनी मला बोलू दिलं, शुभदाताईंनी घंटी असूनही वाजवली नाही, आणि तुम्ही सर्वांनी जेवणाचा वास येत असतानाही ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा रंग चुकीचा सांगितला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि ताई, पोचल्यावर आईंच्या शेजारी बसाल, तेव्हा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, अगदी हळू, आमचा एक निरोप सांगा. म्हणावं, व्हॉइड डेकवरच्या तुमच्या मेंढ्यांची काळजी करू नका. पाऊस थांबेपर्यंत आम्ही आहोत त्यांच्यापाशी.