पाहुण्यांच्या बोटांची साखर

...आणि वर मलाच विचारतात, "तू तेव्हा बोलली का नाहीस?" अहो, मी कधी बोलते? ओमानमधल्या आमच्या बहला गावात कुणालाही विचारा, रय्याची धाकटी बहीण बोलते का म्हणून! शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हासुद्धा मी नुसता हात वर करते. आणि त्या दिवशी म्हणे मी भरल्या बैठकीत उभं राहून, "थांबा, हे यंत्र फक्त ताईचं आहे," असं ठणकावून सांगायला हवं होतं. कुणाला? ताईच्या सासूबाईंना! उम्म राशिदना! ज्यांच्यापुढे त्यांच्या मुलालासुद्धा खोकायचं असलं तर तो बाहेर जाऊन खोकतो!

तुम्हाला सांगते, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही मलाच बोल लावाल. ताईला आठवा महिना, आणि गरोदरपणात साखर वाढलेली. मागच्या खेपेलाही वाढली होती, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, आणि अशाच आठव्या महिन्यात एका सकाळी पोटातलं बाळ हलायचं थांबलं. त्याच्याबद्दल या घरात कुणी बोलत नाही. ताईने त्याच्यासाठी भरतकाम केलेली इवलीशी टोपी अजून कपाटात आहे, तिच्याबद्दलही नाही.

म्हणून या वेळी दवाखान्यातल्या सिस्टर गानियांनी ताईच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्र आकडा काढणार, आकडा आपोआप फोनमध्ये जाणार आणि तिथून थेट सिस्टरांकडे. आमच्याकडचं यंत्र शेकड्यांत मोजत नाही; आठच्या आत असला तर हिरवा, वर गेला की लाल. आणि सिस्टर म्हणाल्या होत्या, "फारच वर गेला, तर मी वाट बघणार नाही. सरळ मस्कतला दाखल." राशिदभाऊजी वाळवंटात तेलाच्या विहिरींवर, सासूबाईंना फोन म्हणजे फक्त हॅलो म्हणायची वस्तू, म्हणून सुया टोचायला आणि फोन सांभाळायला आणलं मला. इतके दिवस सगळे आकडे हिरवे. मी फोनकडे बघायचे आणि फोन माझ्याकडे. दोघंही न बोलणारे. छान जमलं होतं आमचं!

मग आला तो कॉफीचा दिवस. सकाळची बायकांची कॉफी, या वेळी पाळी आमच्या घरची. बायका भिंतीला टेकून गोल बसलेल्या, मधे खजूर, बोटांनी खायच्या चिकट हलव्याचं हे एवढं ताट, आणि मी धाकटी म्हणून उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांना कॉफी ओततेय... आणि फोन किणकिणला. ताईची नाश्त्यानंतरची तपासणी! ताई हळूच उठायला लागली, तर सासूबाई म्हणाल्या, "कुठे निघालीस? पाहुण्यांना पाठ दाखवून?"

"खाला, साखर बघायचीय."

"मग इथेच बघ की! आम्ही काय परके आहोत?"

झालं! मी यंत्र आणलं, ताईचं बोट धरलं, आणि सासूबाईंचे डोळे हे एवढे झाले. "अगं ए मुली! पाहुण्यांना विचारलंस का आधी?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाही! आमच्याकडे पाहुण्यांसमोर एखादी वस्तू बाहेर काढली की ती आधी पाहुण्यांपुढे करायची. खजूर असो, अत्तर असो, धुपाचं भांडं असो. पण सुई? सुई कोण कुणापुढे करतं? मी नको नको म्हणून जोरजोरात मान हलवली. तेवढीच येते मला. आणि शेजारच्या नसरामावशींनी लगेच बोट पुढे केलं. "घरधनीण एवढं म्हणतेय तर नाही कसं म्हणायचं? टोच बाई, पण हळू."

मग काय विचारता! उजवीकडून सुरू, अगदी कॉफीसारखं! दर वेळी नवी सुई आणि नवी पट्टी, एवढंच माझ्या हातात होतं. बाकी बोटं सगळ्यांची हलव्याची, पाण्याच्या वाडग्यात नुसती बुचकळलेली. "मला सहा! तुला गं?" "मला सात." "बघ, मी तुझ्यापेक्षा तरुण!" परीक्षेचा निकाल लागावा तसं चाललेलं. मधे ताईचंही बोट टोचलं, शेवटी सासूबाईंनीही रुबाबात बोट दिलं. आकडा कुणी बघतही नव्हतं धड, कारण तोवर हलव्यात केशर कमी पडलंय का यावर वाद पेटला होता. आणि सगळे आकडे कुठे चालले होते? सिस्टरांकडे! सगळे ताईच्या नावावर! फोनला काय कळतंय पाहुणे कोण आणि घरचं कोण!

आणि मग वाजला तो. किणकिण नाही, रिंग. सिस्टर गानिया!

"रय्या कुठेय? अठरा आलाय आकडा! अठरा! आत्ता, या मिनिटाला! बाळ हलतंय का? विचार तिला, बाळ हलतंय का?"

मी स्पीकर लावला होता, काय करणार, माझ्याने बोलवत नव्हतं. 'पुरे' म्हणून कप हलवून दाखवणाऱ्या पाहुणीच्या हातातला कप तसाच थांबला. ताईने दोन्ही हात पोटावर ठेवले. डोळे मिटले. आम्ही सगळ्या तिच्या पोटाकडे बघतोय...

"कळत नाही," ताई म्हणाली.

कुणी म्हणालं, "गाडी काढा." कुणी म्हणालं, "राशिदला कळवा." मी म्हटलं, मनातल्या मनात हां, की हा आकडा कुणाचाही असेल, एवढ्या बोटांमधला कुणाचाही! पण ताईचाही असेल ना? आणि तेवढ्यात ताईला रडू फुटलं. "माझाच असणार. मी सकाळी स्वयंपाकघरात हलवा खाल्ला. एकच बोट... दोन बोटं. खाला रोज म्हणतात, दोघांचं खा, दोघांचं खा..."

सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

आणि मग काय झालं मला माहीत नाही. माझ्या तोंडातून आवाज आला. माझ्या! "कुणीही हलायचं नाही! ताई, साबणाने हात धू, बोटाला हलवा असेल! सिस्टर, इथे सगळ्या पाहुण्यांनी टोचून घेतलंय, मी परत बघते!" पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "पाहुण्यांनी?" आणि मग नुसता श्वास ऐकू आला त्यांचा, फार लांब श्वास. फोनला काय कळतंय हो, पण सिस्टरांना कळलं.

ताईचं बोट. सुई. थेंब. यंत्र विचार करत बसलं, मेलं, जणू त्यालाही पाहुणचार हवा होता... साडेसहा! हिरवा! ताईने श्वास सोडला आणि लगेच पोट धरलं. "हलतंय गं! केव्हाचं लाथा मारतंय. भीतीने मलाच कळत नव्हतं."

नसरामावशी रडल्या, हसल्या, परत रडल्या. पण सिस्टर सोडतात का? "मग अठरा कुणाचा? तिलाही धोका आहे. हात धुवा सगळ्यांनी!" मग परत रांग. सहा, सात, सहा... लाल कुणीच नाही. आणि राहिल्या कोण? "माझे हात स्वच्छच असतात," सासूबाई म्हणाल्या आणि हात ओढणीखाली.

"खाला," ताई एवढंच म्हणाली. पोटावर हात ठेवून म्हणाली. मग सासूबाई उठल्या, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता बोट पुढे केलं. यंत्राने आकडा दाखवला. अठरा, वर थोडं आणखी.

"खारवलेल्या माशाने तहान लागते मला," सासूबाई पुटपुटल्या. "म्हणून रात्रभर पाणी प्यायचे. मला वाटलं, मासाच..."

कुणी हसलं नाही. ताईने त्यांचा हात धरला, आणि आम्ही दोघींना घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टरांनी दोघींना तपासलं. बाळ ठीक. सासूबाईंना गोळ्या, पथ्य, चालणं, आणि त्यांच्याही फोनमध्ये ॲप. त्यांच्या नावाचं, वेगळं! आता ताईच्या आकड्याने सासूबाईंचा फोन बोंबलायचा नाही, सासूबाईंच्या आकड्याने ताईचा बोंबलायचा नाही. आता फोनला कळणार कुणाचा आकडा कुठला, म्हणून मी जरा निवांत झाले.

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "रय्याची साखर बाळंतपणानंतर जाईल ना?"

"बहुतेक जाईल," सिस्टर म्हणाल्या, "नंतर एकदा तपासून घेऊ."

"आणि माझी?"

"तुमची नाही जायची, खाला. तुमची आता कायमची."

सासूबाई माझ्याकडे वळल्या, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "मग ही पण आता कायमची."