एक्केचाळीस नंबरची खुर्ची

तर याही वेळी पत्रिकेत माझं नाव नाही. बाकी सगळ्या दादांच्या आणि तायांच्या पुढं त्यांच्या धाकट्यांची नावं छापलीत, आडनावासकट. वरददादांच्या पुढं मात्र 'मनोगत' एवढंच लिहिलंय आणि पुढं रेघ. क्षितिजदादा, माझं 'ज्योतीराम' हे नाव लांब आहे म्हणून बसलं नाही, असं तुम्ही म्हणाला असाल. बुद्धरत्ननं मला पत्रिकेचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. जागा भरपूर होती. पण हे आपलं भांडण जुनं आहे, ते कुठं पळून जात नाही. आधी रीत करतो.

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, वर्कशॉपचे आदरणीय मधुसूदन सर; व्यासपीठावरचे इतर सर, मॅडम आणि बाहेरून आलेले पाहुणे; सोबती मंडळाचे सचिव क्षितिजदादा, ज्यांच्याशी माझं कसं आहे ते आत्ताच सगळ्यांना कळलं; मुलींच्या बाजूच्या प्रमुख मृदुलाताई; यंदा कॉलेज सोडून चाललेले सगळे दादा आणि ताया, त्यांचे धाकटे आणि धाकट्या; खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागं उभे असलेले तुम्ही सगळे; आणि ज्यांच्यासाठी हे लिहितोय ते माझे वरददादा. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी तिथं नाही, याबद्दल आधीच माफी मागतो. मी कच्छमध्ये सोलरच्या साइटवर आहे. इथं सुट्टी मागितली की सुपरवायझर विचारतो, घरात कोण वारलं? मी म्हणालो, कोणी वारलं नाही, आमचे दादा पास होणार आहेत. तो म्हणाला, मग तर नाहीच. म्हणून मी लिहून पाठवलंय आणि तुमच्याच दुसऱ्या वर्षातला माझा मित्र बुद्धरत्न वाचून दाखवतोय. शिक्षण माझं आठवीपर्यंत. त्यामुळं जिथं भाषा बरी वाटेल तिथं बुद्धरत्ननं हात फिरवलाय असं समजा. नाही, हे खोडू नको रे, वाच.

पाहुण्यांना आमच्या मंडळाची पद्धत माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉलेज चार वर्षांचं. पहिल्या वर्षाची पोरं-पोरी कॉलेजात येतात तेव्हा मंडळ त्यांचं स्वागत करतं. हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, प्रत्येक खुर्चीला रोल नंबरचा कागद चिकटवतात. नवीन पोरं आपापल्या नंबरवर बसतात आणि डोळ्यांना रुमाल बांधतात. मग तिसऱ्या वर्षातला त्याच नंबरचा माणूस मागून येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "उठ, चल जेवायला." कॅन्टीनमध्ये नेऊन राइस प्लेट घेऊन देतो. स्वतःही घेतो, कारण पहिल्या दिवशी कोणाला एकट्याला जेवायला लावायचं नाही. समोरच्याची प्लेट संपेपर्यंत उठायचंही नाही. तिथून पुढं तो त्याचा दादा, किंवा ती ताई. कॉलेज सोडताना दादाबद्दल बोलायचं ते त्याच्या धाकट्यानं. रॅगिंगचा प्रकार आमच्याकडं कधी नव्हता. जेवणच एवढं भारी पडतं की बाकी कशाला वेळ राहत नाही.

आता मी कोण? मी या कॉलेजात कधीच नव्हतो. मी परांड्याकडचा. दोन वर्षांपूर्वी चाकणला एका कॉन्ट्रॅक्टरकडं लोडिंगला होतो आणि राहायला कासारवाडीत, कॉट बेसिसवर. सुट्टीच्या दिवशी कासारवाडीच्या एका मंडपवाल्याकडं खुर्च्या उचलायला जायचो. तर त्या स्वागताच्या खुर्च्या कुणी मांडल्या होत्या? मी. नंबरचे कागद कुणी चिकटवले? तेही मीच. आदल्या दिवशीची नाइट शिफ्ट करून आलो होतो. काम संपलं, एक्केचाळीस नंबरची खुर्ची बरोबर पंख्याखाली दिसली, बसलो. डोळ्यांवर उजेड येत होता म्हणून रुमाल बांधला. आणि झोपलो.

कार्यक्रम कधी सुरू झाला मला माहीत नाही. खांद्यावर हात पडला आणि कोणीतरी म्हणालं, "उठ, चल जेवायला."

मला वाटलं, मंडपवाल्याच्या पोरांना जेवायला बोलावतायत. सभागृहाला मी नम्रपणे विचारतो, भुकेल्या माणसाला कोणी 'चल जेवायला' म्हटलं, तर तो आधी 'आपली ओळख?' असं विचारतो का?

कॅन्टीनमध्ये वरददादा समोर बसले. म्हणाले, "घरची आठवण येते का?"

"येते की."

"सवय होईल. मलापण पहिलं वर्षभर लई यायची."

"तुमचं गाव कुठलं, दादा?"

"दिघी."

दिघी! कॉलेजपासून बसनं अर्धा तास. मी प्लेटमध्ये बघत राहिलो. म्हटलं, या माणसाला दिघीहून इथं येऊन घरची आठवण येत असेल, तर याला माझं परांडा सांगून उगाच रडवायला नको.

मग त्यांनी विचारलं, "ड्रॉइंग जड जातंय का?" मी म्हणालो, "मी लोडिंगला असतो." ते खूप हसले. त्यांना वाटलं, पोरगा विनोदी आहे. माझी प्लेट संपेपर्यंत ते उठले नाहीत. पुढच्या रविवारी पण ये म्हणाले. मी गेलो. का गेलो? जेवण फुकट होतं, हे एक. दुसरं म्हणजे, चाकणला मला 'ए लोडिंग' म्हणायचे. 'जेवलास का' असं कोणी विचारत नव्हतं.

तोपर्यंत खुर्चीवरच्या नंबराचं काय असतं ते मला कोणाकडून तरी कळलं होतं. म्हणून त्या दुसऱ्या रविवारीच मी सांगून टाकलं. बुद्धरत्न, हे सावकाश वाच. दुसऱ्याच रविवारी. कारण मंडळात अजून बोलतात की मी दिवाळीपर्यंत फसवून जेवलो.

मी म्हणालो, "दादा, मी कॉलेजचा नाही."

"मग कुठला?"

"खुर्च्यांचा."

त्यांच्या नाकातून ताक आलं. शेजारच्या टेबलावर मृदुलाताई होत्या, त्यांनी पाठ थोपटली. हसून झाल्यावर दादांनी तोंड पुसलं आणि ताकाचा ग्लास बाजूला सारला. मला वाटलं, आता उठवणार. मी हात धुवायला निघालो.

"कुठं चाललास?"

"जातो ना, दादा."

"प्लेट कोण संपवणार? बस खाली. पुढचं पुढं बघू."

पुढचं दिवाळीला आलं. याद्या क्षितिजदादांकडं असायच्या. त्यांना दिसलं की खरा एक्केचाळीस नंबर प्रवेश रद्द करून केव्हाच नाशिकला गेलाय. पार्किंगमध्ये मंडळाची बैठक झाली. मला बाजूला गाड्यांजवळ उभं केलं होतं, पण ऐकू सगळं येत होतं.

क्षितिजदादा म्हणाले, "उद्या कोणीही येऊन खुर्चीवर बसेल. मंडळ आहे का धर्मशाळा?"

मृदुलाताई म्हणाल्या, "आपला नियम एकच आहे. ज्याला उठवलं त्याला परत बसवायचं नाही."

"तो विद्यार्थ्यांसाठी आहे, ताई."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? कॉलेजचं मंडळ आहे राव!"

खरं सांगू का? क्षितिजदादांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, फक्त जरा हळू आवाजात. वरददादा शेवटी एवढंच म्हणाले, "मला दुसरा धाकटा नको." आणि माझ्याकडं येऊन म्हणाले, "चल, चहा घेऊ."

तेव्हा अर्धवट तोडगा निघाला. वरदनं हवं तर याला धाकटा म्हणावं, मंडळ म्हणणार नाही. आणि हा तिसऱ्या वर्षात कधी जाणार नाही, म्हणून एक्केचाळीस नंबर याच्यापाशी संपला. माझं भांडण पहिल्या अर्ध्याशी नाही. नाव छापलं काय, न छापलं काय. माझं भांडण दुसऱ्या अर्ध्याशी आहे. येत्या पावसाळ्यात नवीन पोरं येतील. माझ्या बरोबरीची पोरं आता तिसऱ्या वर्षात जातायत, ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवतील. चाळीस नंबर उठेल, बेचाळीस उठेल. मधला जो कोणी असेल, तो डोळ्यांना रुमाल बांधून बसून राहील. त्याच्या मागं कोणीच येणार नाही, कारण त्याच्या जागेवर आधी मी बसलो होतो. त्याची यात चूक काय?

आता एक प्रसंग सांगतो, मग आवरतं घेतो. अध्यक्ष सर घड्याळ बघत असतील.

त्या दिवाळीनंतर जानेवारीत चाकणला माझ्या उजव्या हातावर मालाचं लाकडी पॅलेट घसरलं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं मला दवाखान्याच्या दारात सोडलं आणि गाडी लावून येतो म्हणाला. तो अजून गाडी लावतोय. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, नातेवाइकाची सही लागेल. आई परांड्याला. मी डाव्या हातानं वरददादांना फोन लावला. ते आले ते क्षितिजदादांच्या गाडीवर मागं बसून.

बाईंनी विचारलं, "पेशंटचे कोण?"

"भाऊ," वरददादा म्हणाले.

"सख्खे?"

वरददादांना खोटं बोलता येत नाही. ते अडकले. बाईंनी पेन खाली ठेवलं. तेव्हा मागून क्षितिजदादा पुढं झाले आणि म्हणाले, "कॉलेजचा भाऊ आहे. आमच्या मंडळाचा आहे. द्या इकडं, मीपण सही करतो."

क्षितिजदादा, हे तुमचे शब्द आहेत. मी बाकावर बसून ऐकलेत. नंतर तुम्ही मला म्हणालात, "जास्त उड्या मारू नको. मी गाडी होती म्हणून आलो, मंडळ म्हणून नाही." पण सही करताना तुम्ही असं काही म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मृदुलाताईंनी मुलींच्या हॉस्टेलवरून मुगाची खिचडी पाठवली, वर चिठ्ठी, 'डाव्या हातानं खायला सोपी.' मला डाव्या हातानं चमचा धरता येत नव्हता, निम्मी खिचडी चादरीवर. खायला लई वेळ लागला. वरददादांचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. मी म्हणालो, "जा तुम्ही, सर गैरहजेरी लावतील." ते म्हणाले, "संपव आधी." मधुसूदन सर, त्या दिवशीची गैरहजेरी तुम्हीच लावली होती. आता दादा पास होतायत, म्हणून सांगायला हरकत नाही.

दादांबद्दल मला एवढंच सांगायचं होतं. मोठं असं त्यांनी काही केलं नाही. समोरच्याचं संपेपर्यंत ते बसून राहतात. हे मी दुसऱ्या कोणाचं बघितलेलं नाही.

हात बरा झाला, पण काम गेलं. मग रांजणगाव, मग तळेगाव, आणि आता इथं. दादा फोनवर ओरडतात, "एका जागी बूड टेकव की रे!" दादा, मी एकदाच एका जागी निवांत बसलो होतो. त्याचं काय झालं ते सगळं सभागृह आत्ता ऐकतंय. आता तुम्ही दिघी सोडून मारुंजीला रूम घेताय, नोकरीसाठी. परत घरची आठवण येणार. तेव्हा मला फोन करा. मी समजूत काढीन, मला सवय आहे.

आता क्षितिजदादांना, सगळ्यांसमोर, हात जोडून. तुमचं अजून एक वर्ष आहे आणि याद्या तुमच्याकडंच आहेत. माझं नाव घालू नका, पण येत्या स्वागताला एक्केचाळीस नंबर रिकामा सोडू नका. तो मुलगा असो की मुलगी, लातूरचा असो की चिंचवडचा. मला येता येणार नाही, म्हणून माझ्या वतीनं बुद्धरत्न मागं उभा राहील. त्याचा स्वतःचा बारा नंबर आहेच, पण दोनदा जेवायला त्याची ना नाही, हे मी विचारून घेतलंय. हात त्याचा, नंबर माझा. आणि कोणी विचारलं की हा कोणाचा धाकटा, तर काउंटरवर जसं सांगितलंत तसंच सांगा.

अध्यक्ष सरांनी आणि मंडळानं परक्या माणसाचं एवढं लांबलेलं ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. मृदुलाताई, खिचडीबद्दल तेव्हा बोलायचं राहिलं होतं, ते आज बोललो असं समजा. जाणाऱ्या सगळ्या दादा-तायांना शुभेच्छा. रीत चुकली असेल तर ती माझी, वाचताना कोणी अडखळलं असेल तर ते बुद्धरत्नचं. दोघांनाही सांभाळून घ्या. क्षितिजदादांना काही जास्त बोललो असेन, तर ते मात्र मुद्दाम बोललोय.

येणाऱ्या एक्केचाळीस नंबरची पहिली प्लेट माझ्याकडून, आणि त्याच्यासमोर जो बसेल त्याचीही. दोन राइस प्लेट, दोन ताक. बुद्धरत्नच्या फोनवर पाठवतोय, दोनशे रुपये.