किती फूट लिहू?

लातूरच्या बसस्टँडवर चाकूरच्या गाडीची वाट बघून पार्वतम्माचे पाय आंबले होते. मागच्या बाकावर गुंडप्पा मास्तर आणि त्यांच्या संस्थेतल्या सिंधुताई विहीर खोल करायचं अंदाजपत्रक घेऊन बसले होते.

“पैसे देणाऱ्या मुंबईवाल्यांनी हे परत का धाडलं, मास्तर?”

“जिल्हा उस्मानाबाद लिहिला आपण. आता लातूर झालाय.”

“मग तेवढंच खोडते.”

“खाडाखोड चालत न्हाई. सगळं नव्यानं लिहा. खोदकाम, तीस फूट.”

“तीस दिवाळीला होतं. आता पन्नासाशिवाय पाणी न्हाई.”

“मग पन्नास लिहा.”

“मंजुरी कधी येईल?”

“सहा महिने तर लागतेतच.”

“मग सहा महिन्यांनी पाणी किती फुटांवर असंल, ते सांगा. तेच लिहिते.”

मास्तर बोटांवर महिने मोजू लागले.

पार्वतम्मा मागं न वळता म्हणाली, “ऐंशी लिव, बाई.”